दगड पचत नाही

सिलिकाची पूड तोलायची म्हणजे आधी खोलीतला पंखा बंद करायचा. मग हूडची काच निम्म्याहून खाली ओढायची, हातमोजे घालायचे, तोंडावर एन-९५ मास्क चढवायचा आणि बारीक स्टीलच्या चमच्यानं डबीतून दहा मिलिग्रॅम पूड काढायची. पुण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करत होते, तिथे एवढं केल्याशिवाय डबीचं झाकण उघडायची परवानगी नव्हती. डबीवर माणसाच्या छातीत चांदणी फुटल्याचं चिन्ह छापलेलं असे. नवीन आलेली मुलं विचारायची, मॅडम, वाळूच आहे ना ही? वाळूच. पण नदीकाठच्या वाळूचा कण डोळ्याला दिसतो, नाकात अडकतो, शिंकेबरोबर बाहेर पडतो. डबीतला कण पाच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या चौदाव्या-पंधराव्या हिश्शाएवढा. तो नाकात अडकत नाही, घशात नाही, श्वासनलिकेच्या फांद्यांतही नाही. थेट शेवटच्या वायुकोशात जाऊन बसतो.

तिथे त्याची गाठ भक्षक पेशीशी पडते. मॅक्रोफेज. वायुकोशाच्या भिंतीवर ती फिरत असते आणि धूळ, जंतू, मेलेल्या पेशींचे तुकडे, जे समोर येईल ते गिळते. गिळलेलं एका पिशवीत कोंडायचं, त्यावर आम्ल आणि विकरं सोडायची आणि विरघळवून टाकायचं, हे तिचं रोजचं काम. आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या फुफ्फुसातल्या पेशी कुठून मिळणार? आम्ही टीएचपी-१ नावाच्या पेशी वाढवायचो. रक्ताचा कर्करोग झालेल्या एका वर्षाच्या मुलाच्या रक्तातून जपानी संशोधकांनी त्या वेगळ्या केल्या आणि १९८० साली जगापुढे आणल्या. तेव्हापासून त्या जगभरच्या प्रयोगशाळांतून वाढताहेत. एरवी त्या द्रवात तरंगत असतात. विशिष्ट रसायन घातलं की बशीच्या तळाला चिकटतात, पसरतात आणि भक्षक पेशींसारख्या वागू लागतात. मग त्यांना जंतूच्या कवचाचा थोडा वास द्यायचा, म्हणजे त्या सावध होतात. आणि मग सिलिका.

सिलिका आधी भट्टीत चांगली भाजून घ्यावी लागे, नाहीतर तिला चिकटलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळे पेशी बिथरायच्या आणि दोष दगडावर यायचा. हे भाजणं, तोलणं, पाण्यात घालून ध्वनिलहरींनी कण सुटे करणं, यातच सकाळ जायची. संशोधन म्हटलं की लोकांना सूक्ष्मदर्शक आठवतो. आमचा बराचसा वेळ पूड आणि पाणी यांतच जायचा.

सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसायचं ते मात्र पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटे. पेशी कण गिळते. काही वेळ काहीच होत नाही. मग तिच्या कडेला बुडबुडे येतात आणि ती तेलात सोडलेल्या पुरीसारखी टम्म फुगते. आम्ही बाहेरच्या द्रवात एक लाल रंग घालून ठेवायचो. धडधाकट पेशीत हा रंग शिरू शकत नाही. फुगलेल्या पेशीचं केंद्रक लाल झालं, की समजायचं, पेशीच्या आवरणाला भोकं पडली.

ही भोकं पाडणारं प्रथिन म्हणजे गॅसडर्मिन डी. माणसाच्या आठव्या गुणसूत्राच्या टोकाशी त्याचं जनुक आहे, आणि प्रथिन ४८४ अमिनो आम्लांचं. त्याचे दोन भाग. पुढचा भाग भोक पाडणारा आणि मागचा भाग त्याला धरून ठेवणारा. हे दोन्ही एकत्र आहेत तोवर प्रथिन पेशीत मुकाट पडून असतं. धोका ओळखला गेला की कॅस्पेज-१ नावाचं विकर २७५व्या अमिनो आम्लापाशी बरोबर कापतं आणि पुढचा भाग मोकळा होतो. तसे तीसेक मोकळे तुकडे पेशीच्या आवरणात एकत्र येऊन कडं करतात. आतून सुमारे एकवीस नॅनोमीटर रुंद. त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा हा संदेशवाहक रेणू सहज बाहेर पडतो आणि आजूबाजूच्या पेशींना कळतं, इथे काहीतरी घडलं आहे. कॅस्पेज-१ पेशीला मारतं हे पूर्वीपासून माहीत होतं. कसं मारतं, ते २०१५ साली कळलं. बीजिंगमध्ये फेंग शाओ यांच्या आणि कॅलिफोर्नियात जेनेनटेक कंपनीत विश्व दीक्षित यांच्या गटानं ते जवळजवळ एकाच वेळी शोधलं आणि दोघांचेही शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आले. दीक्षित हे केनियात जन्मलेले, भारतीय वंशाचे. त्यांच्याच गटानं २०२१ साली दाखवलं की भोकं पडल्यावर पेशी आपोआप फुटत नाही. फुटण्यासाठीही निंजुरिन-१ नावाचं वेगळं प्रथिन लागतं. मरणाचीही एवढी व्यवस्था शरीरानं लावून ठेवली आहे.

आणि ती उगाच नाही. साल्मोनेलासारखा जंतू पेशीच्या आत दडून वाढतो. अशा वेळी पेशीनं स्वतःला संपवलं तर जंतूचा आसराच जातो, तो उघड्यावर पडतो आणि हाक ऐकून आलेल्या दुसऱ्या पेशी त्याचा समाचार घेतात. एका पेशीच्या मरणात बाकीच्यांचा फायदा. कोट्यवधी वर्षं ही युक्ती चालत आली, कारण समोर जिवंत शत्रू होता.

दगड जिवंत नाही. भक्षक पेशीनं सिलिकाचा कण गिळला की तो ज्या पिशवीत कोंडला जातो, ती पिशवीच फाटते. आतली विकरं पेशीत सांडतात, धोक्याची यंत्रणा जागी होते, कॅस्पेज-१ कापतं, गॅसडर्मिन भोकं पाडतं, पेशी फुटते. सिलिकानं भक्षक पेशीची आतली पिशवी फाटते, हे ॲलिसन, हॅरिंग्टन आणि बर्बेक या तिघांनी १९६६ सालीच लिहून ठेवलं होतं. एनएलआरपी-३ ही धोक्याची यंत्रणा त्यात कशी सामील होते, ते २००८ साली एकापाठोपाठ एक आलेल्या शोधनिबंधांतून स्पष्ट झालं. यातली खरी गोम शेवटच्या पायरीत आहे. पेशी फुटली की कण बाहेर पडतो. जसा आत गेला होता तसाच, कणभरही न झिजता. हाक ऐकून दुसरी भक्षक पेशी येते आणि तोच कण गिळते. मग तिसरी. दर खेपेला सूज वाढते, सुजेमागून व्रणाच्या तंतूंचं जाळं विणलं जातं, जाळ्याच्या गाठी होतात, गाठी एकमेकींत मिसळतात. माणूस काम सोडून गावी परतला तरी हे थांबत नाही, कारण दगड त्याच्याबरोबर गावी आलेला असतो.

आम्हाला पाहायचं होतं की हे चक्र औषधानं तोडता येईल का. कॅस्पेज-१ रोखणारं रसायन आम्ही आधी घालायचो आणि मग सिलिका. इंटरल्यूकिनचा आकडा झपकन खाली यायचा. तपासणीच्या बशीत इंटरल्यूकिनमुळे पिवळा रंग यायला हवा तिथे नुसतं पाणी. सगळ्यांचे चेहरे खुलायचे. पण पेशी किती मेल्या याची मोजणी वेगळी असते. फुटलेल्या पेशीतून एलडीएच नावाचं विकर सांडतं, ते मोजायचं. तो आकडा उतरायचा, पण जितका उतरायला हवा होता तितका नाही. सूज थांबली, मरण थांबलं नाही. आमच्यापुरतीच ही गोष्ट नव्हती. वातरक्तात सांध्यात साचणाऱ्या युरिक आम्लाच्या स्फटिकांवर काम करणाऱ्यांनी २०१९ साली दाखवलं की उंदराच्या पेशीतून गॅसडर्मिन डी पुरतं काढून टाकलं तरी स्फटिक गिळलेली पेशी मरतेच. एक दार बंद केलं तर मरण दुसऱ्या दारानं येतं, कारण फाटलेली पिशवी फाटलेलीच असते. २०२० साली आणखी एक बातमी आली, की दारू सोडवायला देतात ती डायसल्फिराम गोळी गॅसडर्मिनची भोकं पडू देत नाही. ही गोळी आपल्याकडे कुठल्याही मेडिकलवर असते. आमच्याकडे तेव्हा फार चर्चा झाली. मी मनाशी म्हणत होते, दगड बाहेर कोण काढणार?

पुढे बाबा गेले, आई देवासला एकटी पडली आणि मी परत आले. घरचे आम्ही देवासचे, पवारांच्या राज्यात आलेल्या अनेक मराठी कुटुंबांपैकी एक. आईच्या मराठीत ‘करून राहिलीस’ आणि ‘येऊन जा’ असतं, सकाळी पोह्यांवर शेव असते, आणि पुण्याचे लोक आमच्या बोलण्याला हसतात ते आम्ही मनावर घेत नाही. एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट तपासायचं काम मिळालं. गॅसडर्मिन संपलं असं वाटलं होतं.

देवासात फुफ्फुसाचा विषय निघाला की कुमार गंधर्वांचं नाव निघणारच. क्षयानं खंगलेले कुमारजी १९४८ साली हवापालटासाठी इथे आले, काही वर्षं गाणं बंद होतं, आणि मग उरलेल्या फुफ्फुसाच्या बळावर ते पुन्हा गायला लागले. माताजींच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं घर. माझी आजी सांगायची, आमच्या देवासच्या हवेनं त्यांना बरं केलं. मला हे कधीच पटलं नाही. हवा चांगली होती, शंकाच नाही. पण क्षय बरा झाला तो स्ट्रेप्टोमायसिननं. ते १९४३ साली सापडलं आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडे मिळू लागलं. दहा वर्षं आधी आजारी पडले असते तर टेकडी आणि हवा असूनही आपण त्यांना मुकलो असतो. हे आजीसमोर बोलायची सोय नव्हती.

क्षयाच्या जंतूचं आणि आमच्या प्रथिनाचं नातं मोठं गमतीचं आहे. हा जंतू भक्षक पेशीच्या आतच राहतो, तिथेच वाढतो. म्हणजे पेशीनं वेळेआधी स्वतःला फोडून घेणं त्याला परवडत नाही. २०२२ साली चिनी संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की हा जंतू पीटीपीबी नावाचं एक विकर सोडतो आणि गॅसडर्मिनला पेशीच्या आवरणाशी ज्या मेदरेणूंचा आधार लागतो, त्या रेणूंत फेरफार करतो. भोक पडतच नाही. याचा अर्थ जंतूला गॅसडर्मिनची धास्ती आहे. सिलिकाच्या कणाला कशाचीच धास्ती नाही. एकाच पेशीत, एकाच प्रथिनाशी दोघांची गाठ पडते. एक त्याला घाबरतो, दुसऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आणि माणूस मात्र दोन्हीकडे खोकतो, वाळतो, त्याला दम लागतो, एक्स-रेमध्ये पांढरे ठिपके दिसतात. हा सारखेपणा किती महाग पडतो, ते मला धारमध्ये कळलं.

बाबांचे मित्र, छातीचे डॉक्टर, आम्ही त्यांना डॉक्टरकाका म्हणतो. ते कुक्षी आणि डही भागात एका स्वयंसेवी गटाबरोबर तपासणी शिबिरं घेत. एकदा आईला भेटायला आले तेव्हा मी पुण्यात काय करत होते ते त्यांनी नीट विचारून घेतलं आणि म्हणाले, “तू ज्या पेशी बशीत मारत होतीस ना, त्यांचे मालक दाखवतो चल.” डॉक्टरकाकांचा विनोद असाच असतो.

देवासहून इंदूर, इंदूरहून धार. धारपर्यंत मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. पवारांचं राज्य, किल्ला, दुसरा बाजीराव १७७५ साली इथलाच जन्मलेला, आणि जुन्या वाड्यांमधून अजून मराठी ऐकू येते. धारच्या पुढे मनावर, कुक्षीकडे निघालं की मराठी संपते, मग हिंदी पातळ होते आणि भिलाली सुरू होते. ताडाची झाडं दिसू लागतात. शिबिराच्या दिवशी दुपारी पळसाच्या पानांत भाजलेले मक्याचे पानिये आणि डाळ असे. ते जेवण मला पुण्यातल्या कुठल्याही परिषदेच्या जेवणापेक्षा आवडलं.

माझ्याकडे काम आलं केसपेपर भरण्याचं. नाव, वय, गाव, खोकला किती दिवस, वजन घटलं का, आधी टीबीची औषधं घेतली का. बहुतेकांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने एक्स-रे आणि टीबीची कार्डं. एकदा कोर्स केलेला, दोनदा केलेला, काहींचा तीनदाही. थुंकीच्या रिपोर्टात जंतू नाहीत, तरी औषधं चालू. छापील केसपेपरवर व्यवसायाला अर्धी ओळ होती आणि तिथे सगळीकडे ‘मजूर’ किंवा ‘शेती’ लिहिलेलं. डॉक्टरकाकांनी माझ्या हातातला पेपर घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूला पेननं तीन रकाने आखले. कुठे, काय, किती दिवस. “हे आधी विचार. बाकीचं नंतर.”

भिलाली जाणणारा एक तरुण कार्यकर्ता शेजारी बसे. मी हिंदीत विचारायची, तो पुढे नेई. उत्तरं फार थोड्या शब्दांत यायची.

“कहाँ गए थे?”

“गोधरा.”

“वहाँ क्या काम था?”

“पत्थर पीसने का. बोरी भरते थे.”

“मुँह पर कुछ बाँधते थे?”

“गमछा.”

पुढचा गोधरा म्हणाला, त्याच्या पुढची बाई बालासिनोर म्हणाली, त्यानंतर पुन्हा गोधरा. गुजरातेतल्या या दोन ठिकाणी गारगोटीचा दगड दळून त्याची पूड करणारे कारखाने होते. काच, रंग आणि चिनी मातीच्या धंद्याला ही पूड लागते. धार, झाबुआ, अलीराजपूरच्या डोंगरातली जमीन एका पिकाची. पीक आटोपलं की कुटुंबच्या कुटुंबं मजुरीला गुजरातेत उतरत. तिथे कोरडा दगड यंत्रात टाकायचा, पूड चाळायची, पोत्यात भरायची. चौदा-पंधरा वर्षांची मुलं भरत, बायका पाठीला तान्हं बांधून भरत. ताज्या फुटलेल्या गारगोटीचा कण जुन्या धुळीहून जास्त विखारी असतो. त्याच्या नव्यानं तुटलेल्या पृष्ठभागावर रासायनिक दृष्ट्या अतिशय चळवळे रेणू तयार झालेले असतात. खाणीत वीस वर्षं काम केल्यावर जो आजार दिसतो, तो इथे काही महिन्यांच्या कामानंतर दोन-तीन वर्षांत दिसत होता. मला माझ्या हूडची काच आणि दहा मिलिग्रॅम आठवले. सुती गमछ्यातून पाच मायक्रॉनचा कण जातो हे मला आकड्यांनिशी माहीत होतं. समोरच्या माणसाला सांगून आता उपयोग नव्हता.

एक माणूस मला विशेष आठवतो. पस्तिशीचा असेल, दिसायचा पन्नाशीचा. त्यानं माझा प्रश्न पुरता होऊ दिला नाही. “टीबी नहीं है, मैडम. गोधरा की बीमारी है. हमारे फलिये में सबको मालूम है.” त्याच्या वस्तीत जे गेले होते ते एकामागोमाग आजारी पडले, जे गेले नव्हते ते पडले नाहीत. साथरोगशास्त्रात याला कोहॉर्ट म्हणतात आणि त्यासाठी अनुदान मिळवावं लागतं. या माणसानं तो अभ्यास ओट्यावर बसून पुरा केला होता. एक्स-रे दिव्यावर लावला तेव्हा डॉक्टरकाकांनी मला बोटानं दाखवलं. फुफ्फुसाच्या वरच्या भागात बारीक, गोल, जवळजवळ सारख्या आकाराच्या गाठी, आणि फुफ्फुसाच्या मुळाशी लसिकाग्रंथींच्या कडेनं चुन्याचं पातळ कवच. प्रत्येक गाठीत काय असेल ते मला न बघता सांगता आलं असतं. मधोमध दगड, भोवती फुटलेल्या पेशींचे अवशेष, त्याभोवती तंतू.

टीबीची औषधं देणारे डॉक्टर चुकलेच होते असं मात्र म्हणता येत नाही, आणि डॉक्टरकाका ते म्हणूही देत नसत. सिलिकानं भक्षक पेशी निकामी झाल्या की क्षयाला मोकळं रान मिळतं. या दगडाच्या आजाराच्या, म्हणजे सिलिकोसिसच्या, रुग्णाला क्षय होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे अनेकांना दोन्ही असतात. औषध द्यावं लागतंच. पण कामाचं विचारलंच नाही तर मृत्यूच्या दाखल्यावर क्षय लिहिला जातो, आणि क्षय हा कुणाचाच दोष नसतो. सिलिकोसिस लिहिलं की कारखाना येतो, मालक येतो, कायदा येतो, कारण कायद्यानं या आजाराची नोंद बंधनकारक आहे. रोग्याला त्याचा धंदा काय हे विचारा, असं इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनीनं १७०० सालच्या आपल्या ग्रंथात सांगितलं होतं. तीनशे वर्षं हा प्रश्न पुस्तकात आहे. आमच्या केसपेपरवर त्याला अर्धी ओळ होती.

हा प्रश्न काही लोकांनी चिकाटीनं विचारला म्हणून पुढचं घडलं. स्थानिक संघटनांनी गावोगाव फिरून याद्या केल्या, २००६ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, सिलिकोसिस पीडित संघ उभा राहिला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१० साली शिफारस केली की मरण पावलेल्या २३८ मजुरांच्या वारसांना गुजरात सरकारनं प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत आणि ३०४ आजारी मजुरांचं पुनर्वसन मध्य प्रदेशानं करावं. मे २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पैसे देण्याचा आदेश काढला. २३८ गुणिले तीन लाख, सात कोटी चौदा लाख. हजेरीपटावर नाव नाही, पगाराची चिठ्ठी नाही, ठेकेदाराचा पत्ता नाही, अशा मजुरांनी इथवर मजल मारली ही लहान गोष्ट नव्हे. पण दहा वर्षांत यादीतली नावं आजारी या रकान्यातून मृत या रकान्यात सरकत राहिली.

माळव्याला हा आजार नवा नव्हता, हे मला घरीच कळलं. आईला शिबिराचं सांगत होते तर ती म्हणाली, मंदसौरला नव्हतं का हेच? मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली. माझ्या पिढीतल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी अंक गिरवले ते पाटी-पेन्सिलीवर, आणि त्या पेन्सिली कापणारे मंदसौरचे मजूर कोवळ्या वयात दगडी फुफ्फुसांनी मरत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं त्यांचा अभ्यास केला, १९८२ साली मध्य प्रदेशानं त्यांच्या कल्याणनिधीचा कायदा केला. मंदसौर धारहून काही जगाच्या टोकाला नाही. एका गावातलं शहाणपण दुसऱ्या गावाला का पोचत नाही, याचं उत्तर मला पेशीशास्त्रात सापडलं नाही. पैशात सापडतं.

त्याच अहमदाबादच्या संस्थेनं अलीकडे एक रक्ततपासणी पुढे आणली आहे. फुफ्फुसातल्या क्लब पेशी सीसी-१६ नावाचं एक छोटं प्रथिन बनवतात. सिलिकाच्या माऱ्यानं या पेशी जखमी झाल्या की रक्तातलं त्याचं प्रमाण उतरतं. एक्स-रेमध्ये गाठी दिसण्याआधीच धोका कळू शकतो आणि माणसाला त्या कामावरून हलवता येऊ शकतं. मला ही तपासणी गॅसडर्मिनच्या सगळ्या औषधांपेक्षा जास्त मोलाची वाटते, आणि हे मी गॅसडर्मिनवर उमेदीची वर्षं घालवून म्हणते आहे. औषधावर काम करू नये असं माझं म्हणणं नाही. ज्यांच्या छातीत दगड आधीच बसला आहे त्यांची सूज थोडी जरी उतरली तरी त्यांना झोप लागेल, चार पावलं जास्त चालता येईल. पण सीसी-१६ची तपासणी करायची कुणाची? पुन्हा तेच तीन रकाने.

अलीकडच्या शिबिरांत पहिल्या रकान्यातली गावं बदलली आहेत. गोधरा कमी ऐकू येतं. मोरबी येतं, तिथल्या टाइल्सच्या कारखान्यांमुळे. आणि गेल्या थंडीत एक मुलगा आला, विशीतला, कानात इअरफोन, अंगावर चांगलं जॅकेट. बहिणीला घेऊन आला होता. तपासणी तिची होती. मी सवयीनं त्यालाही विचारलं. तो इंदूरला किचनचे ओटे बसवतो. ग्रॅनाइट? “नहीं, अब सब क्वार्ट्ज़ माँगते हैं.” गारगोटीची पूड राळेत घट्ट करून बनवलेल्या या पाट्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. ऑस्ट्रेलियात त्या कापणारी तरुण मुलं आजारी पडू लागली तेव्हा त्या देशानं १ जुलै २०२४पासून या पाट्यांवर बंदी घातली. आपल्याकडे नव्या फ्लॅटच्या जाहिरातीत त्यांचा फोटो असतो.

डॉक्टरकाकांनी त्याचाही एक्स-रे काढायला लावला. फिल्म स्वच्छ होती. त्याला बजावलं की कापताना ब्लेडवर पाण्याची धार हवी आणि मास्क हवा, साधा नाही, एन-९५. मुलानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, ग्राहकाच्या घरात तयार फर्निचर असतं, पाणी उडालेलं त्यांना चालत नाही, आणि सेठ म्हणतो बाल्कनीत बसून काप. डॉक्टरकाकांनी सेठचा फोन नंबर मागितला. त्यानं जरा विचार करून दिला. तोवर मी रकाने भरून घेतले. इंदूर. क्वार्ट्झ कापणं, कोरडं. दोन वर्षं, चालू.